सुट्टी सिगारेट आणि कधीच न दिसलेला नंबर

आज तेविसावा दिवस. सिगारेट सोडून.

मंडळी, हे कौतुक करून घ्यायला लिहीत नाहीये. तेवीस दिवस म्हणजे काही फार मोठी कमाई नाही हे मलाही कळतं. याआधी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. एकदा तर ३१ मेला तंबाखूविरोधी शपथेच्या कार्यक्रमाची बातमी करायला गेलो होतो. सगळ्यांसोबत हात पुढं करून शपथ घेतली, फोटो काढला, आणि बातमी पाठवायच्या आधी त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन एक ओढली. तिथं एकटा नव्हतो. शपथ घेणारे आणखी तिघं-चौघं होते. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

या वेळी सोडायचं कारण सांगतो. माझ्यासोबत वीस वर्षं बातम्या करणारा फोटोग्राफर मित्र आहे, माझ्याच वयाचा. तालुक्यातल्या सगळ्या सभा, अपघात, पंचनामे, मोर्चे आम्ही एकाच गाडीवर केले. दोघांत एक कटिंग आणि दोघांत एक सिगारेट. आधी अर्धी त्याची, मग अर्धी माझी. दोन महिन्यांपूर्वी त्याला अटॅक आला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, दोन स्टेंट पडले, वाचला. भेटायला गेलो तर वहिनी औषधं आणायला बाहेर गेलेल्या. त्यानं हळूच विचारलं, "आहे का रे खिशात एखादी?"

हाताला सलाईन लावलेला माणूस. मला त्याचा रागच आला. खाली उतरलो, दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेलो आणि एक पेटवली. दोन झुरके घेतल्यावर लक्षात आलं की राग कुणावर करायचा होता.

तर सुरुवातीच्या दिवसांचं नीट लिहितो, कारण आपल्याकडं याविषयी फक्त दोन प्रकारचं बोललं जातं. एक म्हणजे "मनावर घेतलं की सुटतं" आणि दुसरं "एकदा लागली की सुटत नाही". दोन्ही अर्धवट आहे.

पहिला दिवस उत्साहात जातो. दुसरा-तिसरा दिवस खरा. निकोटिन शरीरातून उतरतं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास या दोन-तीन दिवसांत होतो, नंतर तो हळूहळू कमी होत दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. हे मला आधी माहीत असतं तर मागच्या तीन वेळा मी तिसऱ्याच दिवशी हार मानली नसती. मला वाटायचं, तिसऱ्या दिवशी एवढं होतंय तर तिसाव्या दिवशी काय होईल! या वेळीही तिसऱ्या दिवशी पोरावर विनाकारण ओरडलो, ऑफिसातल्या ऑपरेटरशी एका शीर्षकावरून भांडलो, झोप नाही, पोट साफ नाही, डोकं जड. बायको म्हणाली, "तुम्ही ओढत होता तेच बरं होतं." ती चेष्टेनं म्हणाली, पण तेवढं वाक्य मला पुरेसं निमित्त होतं. चप्पल घालून बाहेर पडलोसुद्धा होतो.

मग घड्याळ लावायला लागलो. तलफ आली की मोबाईलमध्ये वेळ बघायची. मला वाटायचं तलफ दिवसभर असते. तसं नाही. ती येते, चढते आणि उतरते. माझी बहुतेक वेळा चार-पाच मिनिटांत उतरायची. एकदाच दहा मिनिटं टिकली, नगरपरिषदेच्या सभेत, कारण पुढचा माणूस बाहेरून ओढून आला होता आणि त्याच्या शर्टाला वास होता. आयुष्यभर सोडायची म्हटलं की छाती दडपते. पाच मिनिटं काढायची म्हटलं तर निघतात. पाणी प्यायचं, तेही घोट घोट. दहा खोल श्वास घ्यायचे. जागा बदलायची. कुणाला तरी फोन लावायचा. एवढंच करायचं असतं, त्यात मोठं शास्त्र नाही.

चहाचं मात्र एक शास्त्र आहे, जे मला नव्यानं कळलं. सिगारेटच्या धुरामुळं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर बाहेर टाकत असतं. सिगारेट सुटली की तेवढाच चहा जास्त चढतो. धडधड, चिडचिड, झोप नाही, आणि आपल्याला वाटतं की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळंच. मी दिवसाला आठ-नऊ कप घ्यायचो, ते चारवर आणले. झोप सुधारली. आणि चहा टपरीवर उभं राहून नाही, बसून घ्यायचा. उभं राहिलं की उजवा हात आपोआप खिशाकडं जातो.

निकोटिनच्या गोळीबद्दलही सांगतो. ही च्युइंगगमसारखी असते, पण च्युइंगगमसारखी चावत राहायची नाही. थोडी चावायची, जिभेला तिखट-झिणझिण लागलं की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. मी पहिल्या दिवशी कचाकचा चावली, उचक्या लागल्या आणि फेकून दिली. नीट वापरली तेव्हा उपयोग झाला. ती चघळताना आणि त्याच्या आधी थोडा वेळ चहा घ्यायचा नाही. हृदयाचा आजार असेल किंवा घरात कुणी गरोदर बाई तंबाखू-मिसरी सोडत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळीशिवाय डॉक्टर लिहून देतात अशी औषधंही असतात.

आणि हो, एक सल्ला मला निदान सात जणांनी दिला. "सिगारेट सोड, त्यापेक्षा चिमूटभर मळत जा." कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. फुफ्फुसातून काढून गालात ठेवायचं, यात सुटलं काय? नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. मी बडीशेप आणि लवंग खिशात ठेवली.

नवव्या दिवशी घसरलो, तेही लपवत नाही. हायवेवर अपघात झाला होता. तिथलं दृश्य लिहीत नाही. परत येताना कुणीतरी पेटवलेली पुढं केली आणि मी घेतली. दोन झुरके. मागच्या तीन वेळा असंच झालं होतं आणि "आता गेलंच सगळं" म्हणून संध्याकाळी नेहमीसारखा सुरू झालो होतो. या वेळी उरलेली टाकली आणि घरी गेलो. दोन झुरक्यांनी नऊ दिवस पुसले जात नाहीत.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. त्यासाठीच हे लिहायला बसलो.

दुसऱ्या आठवड्यात मित्राच्या घरी त्याच्या भावानं फेकलेलं सिगारेटचं पाकीट दिसलं. त्यावर लिहिलेलं वाचलं. आजच सोडा, आणि खाली एक नंबर: १८००-११-२३५६. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाईन. लावला. मराठीत बोलणाऱ्या ताई होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता?" मी म्हणालो, दहा. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला सवय नुसती हाताची नाही, शरीराची आहे, म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पुन्हा कधी फोन करायचा तेही ठरवून घेतलं.

हा नंबर २०१८ पासून पाकिटांवर छापला जातोय. मी पत्रकार आहे. दिवसाला बारा सिगारेटी ओढत होतो. तरीही तो नंबर मला कधी दिसला नव्हता. का? कारण मी वीस वर्षांत पाकीट क्वचितच घेतलं. सुट्टी घेतली. आपल्या गावात बहुतेक जण सुट्टीच घेतात. सुट्ट्या सिगारेटवर ना कॅन्सरचं चित्र असतं, ना नंबर. टपरीवर दोरीला लायटर टांगलेला असतो, तो तेवढा दिसतो.

महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट-बिडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. बातमी मीच दिली होती. आपल्या बसस्टँडवर, कोर्टासमोर, तहसीलच्या दारात काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मलाही तेव्हा हा कायदा बिनकामाचा वाटला होता. आता तलफेच्या बाजूनं बघतो तेव्हा त्यातलं मर्म कळतं. चार मिनिटांच्या तलफेत कुणी पूर्ण पाकिटाचे पैसे मोजत नाही. तो सुट्टे वीस रुपये काढतो. ती एक सुट्टी हाताशी नसेल तर तेवढ्यात तलफ उतरून जाते. म्हणजे सोडणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात जी मदत लागते, ती देणारा कायदा आपल्याकडं आहे. फक्त तो कागदावर आहे.

तीच गत शंभर यार्डांची. २००३ च्या कायद्यानं शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. परवा एका शाळेच्या फाटकापासून जवळच्या टपरीपर्यंत चालत गेलो. पावलं मोजली. बेचाळीस. शाळेच्या भिंतीवर "तंबाखूमुक्त शाळा" असं रंगवलेलं आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सरकारी कार्यालयासकट सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या तालुक्यात तो दंड झाल्याची एकही बातमी मी आजवर दिल्याचं आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, टपरीवाल्याच्या पोटावर का पाय देता? प्रश्न बरोबर आहे. ज्या मामांकडं मी वीस वर्षं उभा राहिलो, त्यांचं घर त्या टपरीवर चालतं. मी सोडल्याचं कळल्यावर ते म्हणाले, "पत्रकार, चांगलं केलं. चहाला येत जा." त्यांची टपरी उठवा असं मी म्हणत नाही. चहा, वडा, बिस्किटं विकू द्या. पण शाळेच्या तोंडावर तंबाखू आणि सुट्टी विक्री, एवढं बंद व्हायला हवं. आणि कारवाई करायची तर आधी पुरवठा करणाऱ्याच्या गोदामापासून करा. नाहीतर गुटख्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. २०१२ ला बंदी आली, आणि पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी हातात पडायला लागली.

हे फक्त ओढणाऱ्यांपुरतं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्याही आत निघाले, पण मळणारे, चघळणारे, मिसरी लावणारे चोवीस टक्क्यांच्या वर. चौघांत एक. त्यात आपल्या घरातल्या बायका आहेत. मिसरी लावणाऱ्या आईला-आजीला तलफ येते असं आपण कधी म्हणत नाही. "तिला सवय आहे" म्हणतो आणि सोडून देतो.

माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस आपल्या ग्रामीण रुग्णालयात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी एक टेबल, एक समजावून सांगणारा माणूस आणि निकोटिनच्या गोळ्या असाव्यात. मला ती गोळी गावातल्या चौथ्या मेडिकलमध्ये मिळाली. रोजंदारीवर जाणारा माणूस चार मेडिकल फिरत नाही, आणि जिल्ह्याच्या केंद्रावर जायला दिवसाची मजुरी बुडवत नाही. दुसरं, तो हेल्पलाईनचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर लिहा. घोषणेच्या शेजारी जागा असते.

माझ्यापुरतं ठरवलंय: यापुढं शपथेचा फोटो छापायचा तर त्याच दिवशी त्या कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाऊन यायचं आणि जे दिसेल तेही लिहायचं.

आणि तुमच्यापैकी जे मला ओळखतात त्यांना एक विनंती. भेटल्यावर "घे रे, एकानं काय होतंय" म्हणू नका. मला माहीत आहे एकानं काय होतं. तुमच्या ओळखीत कुणी सोडत असेल तर त्याचा पहिला आठवडा चिडचिडा जाईल, तेवढा सांभाळून घ्या.

मित्र आता घरी आलाय. काल त्याच्याकडं गेलो होतो. दोघांत एक कटिंग घेतला. बराच वेळ दोघांनाही हात कुठं ठेवावेत ते कळेना. मग त्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "घड्याळ लाव."

चार मिनिटं वीस सेकंद.