संशोधनाचा विषय गठ्ठ्यातच आहे

या मासिकाकडे येणाऱ्या लेखांचे सरळ दोन ढीग पडतात. एका ढिगात भाषाशिक्षण: चार महाविद्यालयांत प्रश्नावली वाटली, मुलांना इंग्रजी बोलायची भीती वाटते असे आढळले, सबब संभाषणावर भर द्यावा. दुसऱ्या ढिगात साहित्य: एक कादंबरी घ्यायची, तिला वसाहतोत्तर किंवा स्त्रीवादी सिद्धान्त लावायचा आणि तो तिच्यात सापडल्याचे सांगून मोकळे व्हायचे. आठवड्याला सोळा तास वर्गात उभा राहणारा माणूस हे लिहितो, पण त्याचा वर्ग दोन्ही ढिगांत कुठेच दिसत नाही. याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

बढतीच्या गुणांसाठी लिहावे लागते, हे मान्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळली, मग मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आणली, 2025 मध्ये तीही थांबवली. याद्या बदलल्या तरी आपले विषय मात्र आहेत तिथेच राहिले.

एक उदाहरण बारकाईने पाहू. 'शी गो टु कॉलेज' हे वाक्य प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकेत आपण सर्वांनी लाल शाईने दुरुस्त केले आहे. कारण विचारले की उत्तर तयार असते: मातृभाषेचा परिणाम. पण मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात. क्रियापद कर्त्याप्रमाणे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त बदलते. लहानपणापासून हे बदल सहज करणारी मुलगी इंग्रजीतला एवढासा 'एस' का गाळते? आर्टिकल गाळण्याचे मूळ मराठीत दाखवता येईल, कारण मराठीत आर्टिकल नाहीच. या 'एस'चे तसे दाखवता येत नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी मुलेही तो प्रत्यय बऱ्याच उशिरा पक्का करतात.

विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या मनात तयार होत असलेल्या भाषेचा पुरावा असतो, हे भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच मांडले. तो पुरावा आपल्या टेबलावर गठ्ठ्याने पडून असतो. रिकाम्या जागा भरताना हीच मुलगी 'गोज' अचूक लिहिते का? निबंधात ते सुटते का? पहिल्या परिच्छेदात टिकते आणि घाईच्या शेवटच्या पानावर गळते का? नियमच ठाऊक नसणे वेगळे आणि ठाऊक असून हाताशी न येणे वेगळे. दोन्हींवरचे उपायही वेगळे. एका वर्गाच्या उत्तरपत्रिका या नजरेने चाळल्या तर जे हाती लागेल, ते शंभर प्रश्नावल्यांतून लागणार नाही.

वर्गातूनच संशोधन उभे राहू शकते, याचा आपल्याच देशात मोठा दाखला आहे. एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत इंग्रजीचे वर्ग चालवले. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचे वेळापत्रक आणि नकाशा वाचून प्रश्न सोडवायला लावले. बंगलोर प्रकल्प म्हणून हे काम जगभर चर्चिले गेले, त्यावर टीकाही झाली. पुढे 1990 च्या लेखात प्रभूंनी सर्वोत्तम पद्धतीचा शोधच बाजूला सारला. आपल्या शिकवण्यातून मुले नेमकी कशी शिकतात, याची शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत राहणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

साहित्याच्या प्राध्यापकांनी हे भाषावाल्यांचे काम म्हणून सोडून देऊ नये. 'किंग लिअर' शिकवताना आपल्यासमोरच्या काही मुलांनी 'नटसम्राट' पाहिलेले असते, निदान त्याचे नायक अप्पासाहेब बेलवलकर त्यांच्या कानावर तरी असतात. वि. वा. शिरवाडकरांच्या 1970 च्या या नाटकामागे लिअर आहे, आणि विंदा करंदीकरांनी केलेले 'राजा लिअर'चे भाषांतरही ग्रंथालयात असते. अशी मुले लिअरच्या मुलींना आधीच दोषी ठरवून नाटक वाचतात का? राज्य वाटून देणारा राजा त्यांना राजा वाटतो, की घर मुलांच्या नावावर करणारा बाप? राज्यकारभाराचे प्रसंग त्यांच्या वाचनातून निसटतात का? शेक्सपिअरवर शेल्फेच्या शेल्फे लिहिली गेली आहेत, पण बार्शीच्या किंवा गडचिरोलीच्या वर्गात लिअर कसा वाचला जातो, हे तिथला प्राध्यापकच सांगू शकतो. इथे भाषाशिक्षण आणि साहित्य यांच्यातली भिंतही उरत नाही, कारण मूल मराठीतून अर्थ लावत लावतच इंग्रजी ओळीपर्यंत पोहोचत असते.

म्हणून पुढील अंकापासून आम्ही काही पाने वर्गनोंदींसाठी राखून ठेवत आहोत. हजार-बाराशे शब्द पुरेत. एकच प्रश्न घ्या, मुलांनी लिहिलेला मजकूर त्यांचे नाव वगळून आणि त्यांची संमती घेऊन जसाच्या तसा द्या, तुम्ही काय करून पाहिले ते सांगा. प्रयोग फसला असेल तरी पाठवा. मराठीत लिहा किंवा इंग्रजीत. सिद्धान्ताची प्रस्तावना नसली तरी चालेल, पण वर्ग कोणता, मुले किती आणि ती दहावीपर्यंत कोणत्या माध्यमात शिकली, एवढे जरूर कळवा.