थाळनेरचा हरवलेला तळ

रोमन शिपाई मोहिमेवर असला की संध्याकाळी मुक्कामाभोवती चर खणून मातीचा बांध घाली, मगच राहुटीत शिरे. एका रात्रीचे ते चर स्कॉटलंडमध्ये आजही विमानातून पिकाच्या गडद रेघांत उमटतात; इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याभोवतीचे 8 रोमन तळ तर दगडांचेच, वाळवंटाने जपलेले. आता आपल्या खानदेशात या. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठी थाळनेरला येऊन थडकली. किल्ला पडला, तुळशीराम मामा या किल्लेदाराला फासावर दिले, शिबंदी कापली गेली. एवढी फौज, तोफा, बैल, बाजारबुणगे! त्यांचा तळ मात्र कुणी शोधलेला ऐकिवात नाही. दोष आपल्या आळसाचा, आणि थोडा काळ्या मातीचाही: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वर दरसाल नांगर. बुरुजांचे फोटो सगळेच काढतात, शिवाराकडे कोण बघतो? तरी शिशाच्या गोळ्या मातीत टिकतात. थाळनेरच्या शेतकरीदादांनो, कापसाच्या नाहीतर केळीच्या वावरात तशी गोळी सापडली तर भंगारात घालू नका. जागा लिहून ठेवा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कळवा.