कुलूप पुढे, वाट मागे

कॉन्फरन्स रूममधल्या ऑडिओ यंत्राचं पुढचं पॅनल एकदा लॉक केलं की व्यवस्थापक निर्धास्त होतो. आता येणारा-जाणारा बटणं दाबून माइकचा आवाज कमी-जास्त करणार नाही, एवढी त्याची खात्री. पण या यंत्रांचा खरा कारभार मागच्या बाजूने चालतो. पूर्वी तो आरएस-२३२ च्या केबलवरून चाले (हे मानक १९६० सालचं, आणि अजून रिटायर व्हायचं नाव घेत नाही!), आता बहुतेक नेटवर्कवरून. बायअँप कंपनीच्या टेसिरा या ऑडिओ यंत्राला ‘लेव्हल१ सेट म्यूट १ ट्रू’ एवढी ओळ पाठवा. पहिला चॅनल गप्प होतो आणि यंत्र ‘ओके’ म्हणून मोकळं. ही साधी अक्षरं मला आवडतात. बिघाड शोधताना माणसाला सरळ वाचता येतात. मात्र टेलनेटवर, म्हणजे २३ क्रमांकाच्या पोर्टवर, ती मधल्या कुणालाही वाचता येतात, पासवर्डसकट, कारण तिथे एन्क्रिप्शनच नाही. तेव्हा आधी टेलनेट बंद करून एन्क्रिप्शन असलेलं एसएसएच वापरावं, कंट्रोलचं नेटवर्क पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळं ठेवावं. पॅनल सावकाश लॉक केलं तरी चालेल. तिथे फार तर कुणी आवाज वाढवून जाईल.