आधी दिवे, मग दालने



अमेरिकी विद्यापीठांच्या बेसबॉल स्टेडियमचे गोडवे गाणारा आपल्या अंकातील लेख वाचला. लुइझियाना स्टेटच्या दहा हजारांवर आसनांच्या ॲलेक्स बॉक्स स्टेडियमचे वर्णन खरेच आहे. पण सोयी म्हणजे खासगी दालने आणि अजस्र स्कोअरबोर्ड, हा लेखाचा सूर मला मुळीच मान्य नाही. विद्यापीठाच्या मैदानाची पहिली सोय म्हणजे दिवे. बर्कलीत २०११ साली जे घडले ते पाहा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कलीचा संघ नावाजलेला. १९४७ ची पहिली कॉलेज वर्ल्ड सिरीज त्यानेच जिंकली. हरलेल्या येलकडून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश खेळत होते. तरीही सप्टेंबर २०१० मध्ये पैशांची तंगी सांगून विद्यापीठाने बेसबॉल बंद करण्याचे जाहीर केले. माजी खेळाडू आणि हितचिंतकांनी सुमारे ९० लाख डॉलर उभे केले, तेव्हा एप्रिल २०११ मध्ये तो निर्णय फिरला. त्याच हंगामात या पोरांनी ह्यूस्टनमध्ये बेलर विद्यापीठाविरुद्ध हातचा गेलेला सामना शेवटच्या डावात खेचून आणला आणि सुपर रीजनल फेरीचे यजमानपद मिळवले. पण १९३३ पासूनच्या त्यांच्या एव्हन्स डायमंडवर दिवेच नव्हते! घरचे सामने साधारण सत्तर किलोमीटरवर, सांता क्लारा विद्यापीठाच्या मैदानावर न्यावे लागले. त्या मैदानाची कायम आसने सुमारे दीड हजार, एव्हन्स डायमंडची अडीच हजार. लहान मैदानाला मान मिळाला, कारण तिथे उजेड होता. संघ जिंकून कॉलेज वर्ल्ड सिरीजसाठी ओमाहाला गेला, हे कर्तृत्व खेळाडूंचे.

बेसबॉलमध्ये नऊ डावांनंतर बरोबरी असली की सामना पुढे चालूच राहतो. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, तेव्हा बर्कलीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी येतो. तिन्हीसांजेला तो नीट दिसला नाही आणि तोंडावर बसला तर जिवावर बेतेल. म्हणून दिवे नसतील तर सामना भर दुपारी सुरू करावा लागतो. त्या वेळी विद्यार्थी वर्गात असतात, नोकरदार कामावर. मग रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून ‘या खेळाला प्रेक्षकच नाहीत’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

दिव्यांच्या खालोखाल पाण्याचा निचरा. इकडे कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मार्चपर्यंत रेंगाळतो. ताडपत्री ओढायला उशीर झाला की बेसभोवतालच्या मातीचा चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही बोंबलतो.

दालनांच्या भाड्यातून खेळाचा खर्च निघतो, असा युक्तिवाद होतो. लुइझियानात निघत असेल, कारण तिथे गर्दी आहे. मिसिसिपी स्टेटच्या डुडी नोबल मैदानावर तर साठच्या दशकापासून लोक लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे ट्रक लावून, शेगड्यांवर मांस भाजत सामने पाहत आले. सुमारे ६.८ कोटी डॉलरची पुनर्बांधणी २०१९ मध्ये झाली, म्हणजे माणसे जमल्यावर अर्धशतकाने. २०२३ मध्ये तिथे एका सामन्याला १६,४२३ प्रेक्षक होते. हा क्रम उलटा करून, आधी दालने बांधून गर्दीची वाट पाहणाऱ्या विद्यापीठांना माझा विरोध आहे.

बे एरियात इथल्या विद्यापीठांतून शिकलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि आपल्या विद्यापीठाला ती सढळ हाताने देतात. त्यांना कळकळीची विनंती: मैदानासाठी चेक लिहाल तेव्हा सोबतच्या पत्रात ‘दिवे, निचरा आणि प्रेक्षकांची स्वच्छतागृहे यांसाठीच’ असे स्पष्ट नमूद करा.

— एक वाचक, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)