संग्रहालय ऐकवायचे तर

जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी काळातील शिल्पे, शिलालेख आणि नाणी आहेत. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे शहराजवळचे आजचे तेवर. भेडाघाटला चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. पाहुणे पाटीवरच्या दोन ओळी वाचून पुढे सरकतात. पण एखाद्या जाणत्या शिक्षकाने मूर्तीसमोर उभे राहून तिच्या हातातली आयुधे आणि वाहन समजावून दिले, की लहान मुलेही ती मूर्ती विसरत नाहीत. असे बोलणे ध्वनिमुद्रित करून पॉडकास्ट केले, तर ते घरबसल्या कुणालाही सवडीने ऐकता येते. अनेक शाळा आणि मंडळे आता हा विचार करतात. मग प्रश्न येतो, रेकॉर्डर कोणता घ्यावा?

कार्यालयीन टिपणांसाठीचा छोटा व्हॉइस रेकॉर्डर स्वस्त पडतो. त्यात आवाजाची पातळी बहुधा आपोआप ठरते. बोलणारा क्षणभर थांबला की यंत्र पातळी वाढवते आणि पंख्याची घरघर पुढे येते. म्हणून पातळी हाताने कमीजास्त करता येईल असेच यंत्र निवडावे. बाहेरचा मायक्रोफोन आणि हेडफोन लावण्याची सोय हवी. मुद्रण चालू असतानाच कानांनी ऐकले, तर चूक जागेवर कळते. घरी आल्यावर कळून उपयोग नसतो. बाजारात सहज मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र प्रवासात सोयीचे.

मुद्रण वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावे. एका माणसाच्या बोलण्याला मोनो पुरते. तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डात साठएक तास मावतात. एमपी३ फाइल पुष्कळ लहान होते, पण तिच्यात काही ध्वनी कायमचा गाळला जातो. तेव्हा मूळ प्रत वेव्हमध्ये ठेवून प्रसारणापुरती एमपी३ करावी.

दगडी भिंतींच्या दालनात आवाज घुमतो. यावर महागड्या यंत्रापेक्षा जवळीक अधिक उपयोगी. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरावा. कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोनही चांगला. योगिनी मंदिराचे आवार उघडे असल्याने तिथे वाऱ्यासाठी स्पंजची टोपी विसरू नये. धुवांधार धबधब्याचा आवाज मात्र गाळणीने जात नाही. तो वेगळा मुद्रित करून निवेदनाखाली हलकाच जोडावा.

पैसे बेताचे असतील तर हातातल्या मोबाइलला कॉलरचा मायक्रोफोन लावून सुरुवात करावी. खरेदीपूर्वी दुकानात दोन मिनिटे बोलून, तो आवाज हेडफोनवर ऐकून पाहावा. संग्रहालयाची आणि बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी. प्रत्येक दालनातली अर्धा मिनिट शांतताही मुद्रित करावी. पुढे काटछाट करताना ती सांध्यांना लागते. त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती कराव्यात.

यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित याहून चांगले. मूर्ती तर शतकानुशतके उभ्याच आहेत. पण त्यांची ओळख करून देणारे वयोवृद्ध गुरुजी तेव्हा इतकेच खणखणीत बोलतील, याची खात्री नसते. म्हणून सर्वांत आधी त्यांची वेळ ठरवावी. रेकॉर्डर त्यानंतर घ्यावा.