उपास सोडणे आणि मोडणे

मराठीत उपास दोन प्रकारे संपतो. तो सोडला जातो किंवा मोडला जातो. संकष्टीला चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवून पानावर बसलेल्या माणसाने उपास सोडलेला असतो. त्याच माणसाने दुपारी भूक अनावर होऊन त्याच ताटाला हात लावला असता तर त्याने तो मोडला असता. जेवणारा तोच, अन्न तेच. पण एका कृतीने व्रत पुरे होते आणि दुसरीने ते भंगते. दीर्घकाळ चाललेल्या व्रतासाठी तर आपल्या परंपरेने उद्यापनाचा स्वतंत्र विधी सांगितला आहे. व्रत संपवणे हेही व्रताचेच अंग आहे, ही जाण त्यामागे असावी.

नोकरीच्या बाबतीतही आपण 'सोडली' असेच म्हणतो. मात्र ऐकणाऱ्याला ते बहुधा 'मोडली' असे ऐकू येते. विशेषतः शिक्षकाने अध्यापन सोडले, कार्यकर्त्याने संस्था सोडली, संपादकाने नियतकालिक सोडले, की त्याच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत करुणा आणि संशय यांचे एक मिश्रण उतरते. याला जमले नाही, हा थकला, किंवा याला अधिक पैसे मिळाले, यापलीकडचे चौथे कारण आपल्याला सहसा सुचत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की आमच्या एका माजी विद्यार्थिनीने अलीकडेच आम्हाला विचारले, "सर, आता सोडू का?" मराठी घेऊन एम. ए., सेट उत्तीर्ण, आणि गेली सात वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत पूर्णवेळ पद न भरता घेतलेल्या तासांवर मानधन दिले जाते. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज, पुन्हा मुलाखत. सात वर्षांत सातदा मुलाखत दिलेल्या या मुलीला आम्ही दरवर्षी एकच उत्तर देत आलो होतो : "थांब, जागा निघतील." या वेळी ते उत्तर ओठांवर येईना. का येईना, याचा शोध घेताना आम्ही एका जुन्या प्रकरणापाशी जाऊन पोहोचलो.

ते प्रकरण मराठी वाचकाला नवे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक त्यांच्यासोबत होते, आगरकर एम. ए. झाल्यावर येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. संस्थेचे आजीव सदस्य होणाऱ्याने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वीकारायचे होते. आपल्या शिक्षणक्षेत्रातील त्यागाची सगळी भाषा या मंडळींनी घडवली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आजही एखाद्या प्राचार्यांना कमी पैशांत अधिक काम करून घ्यायचे असले, की त्यांच्या भाषणात ही नावे हटकून येतात.

त्या भाषणांत एक गोष्ट मात्र येत नाही. ही माणसे सोडण्यातही तितकीच थोर होती. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली. सोसायटी सोडताना टिळकांनी जो प्रदीर्घ राजीनामा लिहिला तो केवळ दोन ओळींचा अर्ज नव्हता. संस्था कोणत्या तत्त्वावर उभी राहिली, ती त्यापासून कोठे ढळली, आणि आपण तेथे का राहू शकत नाही, याचा तो तपशीलवार जबाब होता. आमच्या दृष्टीने ते उद्यापन होते.

या दोन्ही निर्णयांकडे मतभेदाचा इतिहास म्हणून पुष्कळदा पाहिले गेले आहे. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा वाद परीक्षेत दहा गुणांना विचारला जातो. आम्हाला येथे दुसराच प्रश्न विचारायचा आहे. मतभेद तर आधीपासून होते. मग सोडण्याची वेळ त्यांना कशी कळली? उपासाला चंद्रोदय असतो. नोकरीला तो नसतो. या माणसांनी आकाशात नेमके काय पाहिले?

आमच्या मते याचे उत्तर एका सर्वनामात आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली, आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते एकशे एक दिवस होते. त्या दिवसांवर आगरकरांनी जे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच 'आमचे १०१ दिवस' असे शब्द आहेत. तो 'आमचे' संपादकीय थाटाचा असेलही. पण त्याला दोन माणसांच्या सहवासाचा प्रत्यक्ष आधार आहे. वृत्तपत्राच्या अग्रलेखातला 'आम्ही' असाच उसना नसतो. त्यामागे मंडळी असतात, त्यांची संमती असते, आणि लिहिणारा त्या सर्वांच्या वतीने बोलत असतो. पाच वर्षांनी आगरकरांची अडचण हीच झाली. बालविवाह, संमतिवय, विधवांची स्थिती यांविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते सहकाऱ्यांच्या बहुमताला मान्य नव्हते. 'केसरी'त 'आम्ही' लिहायचे तर स्वतःचे मत वगळून लिहावे लागणार. स्वतःचे मत लिहायचे तर 'आम्ही' खोटे पडणार. जो शब्द रोज उमटवायचा तोच असत्य होऊ लागला, तेव्हा त्यांनी लेखणी तेथून उचलली. वर्षभराने, १८८८ च्या ऑक्टोबरात, 'सुधारक' निघाला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत होते. आगरकरांना पुन्हा एक खरा 'आम्ही' मिळाला होता.

टिळकांचीही गत वेगळ्या रीतीने तीच झाली. आजीव सदस्यांनी संस्थेखेरीज अन्य अर्थार्जन करू नये, जेझुइट पाद्र्यांसारखे सर्वस्व संस्थेला द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. बहुमत हळूहळू दुसरीकडे झुकले. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि तेवढे निमित्त पुरे झाले. टिळकांचा आग्रह कितपत न्याय्य होता, 'केसरी'चे काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या बाहेरच्या कामाला हरकत घ्यावी काय, हे विचारता येईल. आम्हाला स्वतःला ती बाजू थोडी लंगडी वाटते. पण संस्थेच्या नियमांविषयी 'आम्ही असे मानतो' हे वाक्य आता आपल्याला प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही, हे त्यांनी ओळखले, एवढे निश्चित.

येथे एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. दोघांनी सगळे सोडले नाही. आगरकरांनी पत्र सोडले, महाविद्यालय सोडले नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्या पदावर असतानाच वारले. टिळकांनी महाविद्यालय सोडले, पत्र सोडले नाही. आणि ज्या गोखल्यांवरून ठिणगी पडली त्यांनी या दोघांहून निराळा मार्ग धरला. त्यांनी आपल्या बांधिलकीचा बहुतेक काळ पुरा केला आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन ते पूर्णतः सार्वजनिक कामाकडे वळले. एकाच संस्थेतून एक जण मधेच उठला, एक जण अखेरपर्यंत बसून राहिला, एक जण मुदत भरून निघाला. तिघांपैकी कोणीही उपास मोडला असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कामासाठी शब्द दिला ते काम आणि ज्या जागी बसून ते करायचे ती जागा, यांत त्यांनी गल्लत केली नाही. जागा बदलली, शब्द पाळला गेला.

आता आमच्या विद्यार्थिनीकडे वळू. वरील कसोटी तिला लावून पाहिली तेव्हा आम्हीच ओशाळलो. ती महाविद्यालयाविषयी बोलताना सहजपणे 'आमचे महाविद्यालय', 'आमचा विभाग' असे म्हणते. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन ती करते, भित्तिपत्रक ती काढून घेते, मूल्यांकन समिती येणार असली की रात्री उशिरापर्यंत फायली ती लावते. महाविद्यालय मात्र तिच्याविषयी 'आमच्या प्राध्यापिका' असे म्हणत नाही. मे महिन्यात तर ती तेथे कोणीच नसते. हा 'आम्ही' एकीकडूनच उच्चारला जात आहे. आगरकरांचा 'आम्ही' पाच-सहा वर्षांनी खोटा पडला. हिचा पहिल्या दिवसापासून उसना होता, आणि तो उसना आहे हे तिला सांगण्याचे काम आमचे होते.

ते आम्ही केले नाही. याचे कारण तपासताना फारसे सुखद काही हाती लागत नाही. 'थांब' हा सल्ला आम्ही देत आलो तो निव्वळ वात्सल्यापोटी नव्हता. आमच्यासारख्या कायम पदांवरील मंडळींचे विभाग अशाच मुलामुलींच्या तासांवर उभे आहेत. त्यांनी थांबावे यात आमची सोय आहे. रिक्त पदाचा कार्यभार कोणी तरी स्वस्तात उचलते आहे तोवर ते पद भरण्याची निकड कोणालाच जाणवत नाही, हेही आम्हाला कळते. म्हणजे तिचे थांबणे हेच जागा न निघण्याचे एक लहानसे कारण आहे, आणि आम्ही तिला जागा निघेपर्यंत थांबायला सांगत होतो.

त्यात भर घातली ती साहित्याने. साहित्य शिकवणारे आपण सोशिकपणाचे सौंदर्य फार रंगवतो. उपेक्षित राहून निष्ठेने लिहिणारा, फाटक्या संसारात ग्रंथ सांभाळणारा, पदरमोड करून अंक काढणारा : हे आपले नायक. त्यांच्याविषयीचा आमचा आदर खोटा नाही. पण दुसऱ्याच्या सोशिकपणावर आपल्याला सुंदर वाक्य सुचू लागले, की थोडे सावध व्हावे. विरुद्ध टोकाची मोहिनीही तितकीच फसवी आहे. राजीनामा तोंडावर फेकून निघालेला माणूस गोष्टीत शोभतो. प्रत्यक्षात टिळकांनी सोसायटी सोडली तेव्हा त्यांच्यापाशी कायद्याचा वर्ग होता, पुढे लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. आगरकरांनी 'केसरी' सोडला तेव्हा अध्यापनाचे वेतन चालू होते. विष्णुशास्त्र्यांनी नोकरी सोडल्यावर काही महिन्यांत शाळा उभी राहिली, ती हवेतून नव्हे. सोडणाऱ्या प्रत्येकाचा एक पाय कोठे तरी टेकलेला होता. ज्याचा दुसरा पाय अधांतरी आहे त्याला 'झुगारून दे' म्हणणे हे 'थांब' म्हणण्याइतकेच बेजबाबदारपणाचे आहे.

धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी तिची स्थिती आहे. तिचा मुख्य आक्षेप होता, "सात वर्षे घातलीत सर, ती वाया जातील." हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतला, कारण सर्वांत जास्त माणसे त्याच्याच जोरावर अडकून पडतात. गेलेली वर्षे राहिल्यानेही परत येत नाहीत, हा हिशेबी युक्तिवाद खरा असला तरी तो तिला पुरेसा नव्हता. तिला हवे होते ते त्या वर्षांचे मोल. आणि ते तिच्या वर्गांत बसून कविता वाचायला शिकलेल्या मुलांपाशी आधीच जमा झालेले आहे. तिने शब्द दिला होता तो वाङ्मयाला आणि त्या मुलांना. संस्थेने तिला शब्द दिलेलाच नव्हता. त्यामुळे तेथून निघताना तिच्याकडून कोणतेही वचन मोडले जात नाही.

तरीही सगळ्यांनीच असे उठून जावे काय, मग मराठी शिकवणार कोण, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तो पदे भरण्याचा ज्यांना अधिकार आहे त्यांना विचारला पाहिजे. एका तासिकेवरच्या शिक्षिकेच्या खांद्यावर भाषेचे भवितव्य ठेवणे हे भाषाप्रेम नव्हे.

आम्ही तिला 'सोड' असे म्हटले नाही, आणि आठव्या वर्षी 'थांब' असेही म्हटले नाही. एवढेच सुचवले, की चंद्रोदय नसेल तर तो पंचांगात आपण लिहावा : एक तारीख ठरवावी, तोवर दुसरा पाय टेकण्याची जागा शोधावी, आणि ती तारीख आली की आणखी एका जाहिरातीच्या आशेवर ती पुढे ढकलू नये. दोन दिवसांनी तिचा फोन आला. तृतीय वर्षाच्या मुलांचा साहित्यशास्त्राचा पेपर होईपर्यंत ती राहणार आहे, कारण त्यांना अर्ध्यावर टाकणे तिला पटत नाही. सातही वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र तिने लेखी मागितले आहे. आणि राजीनामा देण्यासाठी मुळात नेमणूकच नसली, तरी तो ती लिहिणार आहे, सविस्तर, कारणांसह. लिहून झाल्यावर वाचायला पाठवीन, असे म्हणाली. आम्ही वाट पाहत आहोत.