मशीनचे तेल आपल्या पोरांच्या छातीत नको

दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीच्या भिंतीला लागून आपल्या वस्त्या आहेत आणि भिंतीच्या आत आपली पोरे सीएनसी, लेथ, ग्राइंडिंग मशीनवर उभी आहेत. आयटीआय करून टर्नर, मशिनिस्ट झालेल्या मुलाचा पहिला पगार आला की घरात पेढे येतात. पण त्याच्या कपड्यांचा तेलकट वास दोनदा धुऊनही का जात नाही, हे कोणी विचारत नाही. जे तेल कपड्यात मुरते, तेच तो श्वासातून आत घेत असतो.

धातू कापताना हत्यार तापते. ते थंड राहावे म्हणून कूलंट किंवा कटिंग ऑइल जोरात मारतात. फिरत्या जॉबवर आपटून त्याचे तुषार उडतात, काहीचा धूर होतो. मोठे थेंब खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र बराच वेळ हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. पाणी मिसळलेले कूलंट जुने झाले की त्यात जिवाणू वाढतात. सुट्टीनंतर मशीन सुरू करताना येणारा कुजका वास त्यांचाच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागातल्या इंजिन कारखान्यात २००३-०४ मध्ये ऐंशीहून अधिक कामगारांना दमा आणि फुप्फुसाची ॲलर्जिक सूज झाली. तिथेही संशय अशाच दूषित द्रवाच्या तुषारांवर होता.

वस्तीत तपासणी करताना आम्ही खोकल्याच्या रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारतो: सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? सुट्टीत खोकला कमी आणि कामावर गेल्यावर छाती जड होत असेल, तर कामाच्या जागेचा संशय घ्यावा. टीबीची तपासणी आधी करावीच, त्यात हयगय नको. पण ती निर्दोष आली तर डॉक्टरांना सांगा, "मी मशीनवर काम करतो, तेलाचे तुषार अंगावर येतात." हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. ईएसआयच्या डॉक्टरांकडे तर नक्कीच.

यावर बहुतेक ठिकाणी उपाय म्हणून मास्क वाटतात. साधा मास्क तासाभरात तेलाने भिजतो. आमचे म्हणणे असे की तुषार जिथे उडतात तिथेच ते ओढून घ्यायला हवेत. त्यासाठी मशीनला ऑइल मिस्ट कलेक्टर लावतात. तो घेताना मालक किंमत पाहतो आणि विक्रेता पंख्याची ताकद सांगतो. त्या हवेत आठ-बारा तास उभ्या राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून काय पाहायचे ते आपल्याला माहीत हवे.

पहिले, मशीन सगळीकडून झाकलेले आहे का? उघड्या मशीनवर महागडा कलेक्टरही हरतो. दार बंद ठेवावे आणि कटिंग संपल्यावर काही सेकंद थांबून मगच उघडावे.

दुसरे, कोणते तेल वापरतात? पाणी मिसळलेल्या कूलंटचे थेंब तुलनेने मोठे; तिथे गरगर फिरवून थेंब वेगळे करणारा सेंट्रिफ्युगल कलेक्टर बऱ्यापैकी चालतो. शुद्ध तेलाचा धूर तो पकडत नाही. तिथे इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा शेवटी हेपा फिल्टर असलेला कलेक्टर लागतो.

तिसरे, साफ कोण आणि कधी करणार? इलेक्ट्रोस्टॅटिकच्या प्लेटा मळल्या की तो नुसता पंखा उरतो. फिल्टरवर दाब दाखवणारे मीटर असावे आणि बदलल्याची तारीख मशीनवरच लिहिलेली असावी.

चौथे, बाहेर सोडलेली हवा कुठे जाते? ती पुन्हा शेडमध्ये सोडायची तर हेपा हवाच. भिंतीपलीकडे सोडायची तर पाइपाचे तोंड वस्तीच्या खिडक्यांकडे नको.

लहान वर्कशॉपवाल्याची अडचण आम्हाला कळते. जॉबचे दर कमी, यंत्र महाग. पण कूलंट वेळेवर बदलणे, दार बंद ठेवणे आणि एअर गनने जॉब फुंकणे कमी करणे याला फारसा खर्च नाही. तिथून सुरुवात करायला कोणाचीच हरकत नसावी.

"आम्ही कायद्यात बसतो" असे उत्तर मिळाले तरी तिथे थांबू नका. जुन्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत खनिज तेलाच्या तुषारांची मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम होती आणि ती आठ तासांच्या सरासरीवर धरलेली होती. अमेरिकेच्या नायोश या संस्थेने १९९८ मध्ये धातुकामाच्या द्रवांसाठी जवळपास त्याच्या एक दशांश, म्हणजे ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. आज ओव्हरटाइम धरून बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराला आठ तासांचे माप लावणे हा हिशेबच चुकीचा आहे.

कामाच्या जागेच्या धोक्यांची माहिती मागणे हा कामगाराचा हक्क आहे. जुन्या कायद्यात तो होता, नव्या सुरक्षा संहितेतही आहे. ठेकेदाराकडच्या एकट्या पोराने विचारले तर उद्या त्याला गेटवर थांबवतील, ही भीती खरी आहे. म्हणून शिफ्टमधल्या सगळ्यांनी मिळून, सह्या करून, लेखी विचारावे: हवेचे मोजमाप कधी झाले, आकडा किती आला, फिल्टर कधी बदलला?

आणि घरी आयाबहिणींनी एवढे करावे. कामाचे कपडे वेगळे भिजवावेत, लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. तेलकट फडके खिशात ठेवू देऊ नये. हात थिनरने नव्हे, साबणाने धुवायला सांगावे. आणि पगाराच्या दिवशी पैसे मोजताना एकदा खोकल्याचीही चौकशी करावी.